जनरेटर अंगणात, माणसं घरात



आज आपण जनरेटरविषयी बोलू. कारखान्यातला मोठा जनरेटर नव्हे. दोघांना उचलून नेता येतो, दोरी ओढली की धडधडायला लागतो, तो छोटा जनरेटर.

हे यंत्र आता खेड्यात नवं राहिलेलं नाही. लग्नाच्या मांडवात ते असतं. जत्रेतल्या पाळण्यापाशी असतं. गणपतीच्या मांडवामागे त्याची धडधड रात्रभर चालू असते. पण कोकणात ते घराघरांत आलं ते वादळांच्या पायी. २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब उसाच्या कांड्यांसारखे मोडले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, आणि खाली दापोली, मंडणगड या भागांतल्या कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहिरीत पाणी होतं, पण मोटार चालत नव्हती. हातात फोन होता, पण तो चार्ज होत नव्हता. मुंबईच्या मुलाला ‘आम्ही खुशाल आहोत’ एवढं कळवायचीही पंचाईत. मग लोकांनी जनरेटर भाड्याने आणले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा पुन्हा तीच गत झाली.

तेव्हा जनरेटर वाईट आहे असं सांगायला आम्ही आलेलो नाही. अडीनडीला तो उपयोगी पडतो. पण तो कुठं ठेवावा आणि त्याची वायर कुठं जोडावी, हे नीट कळलं नाही तर माणूस दगावतो. कधी घरातला दगावतो. कधी भलताच कोणी, ज्याचा तुमच्या जनरेटरशी काही संबंध नाही असा माणूस दगावतो. त्या भलत्या माणसाची गोष्ट पुढे येईल. आधी घरातली बघू.

जनरेटर पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालतो. काही गॅसवरही चालतात. काहीही जाळलं तरी धूर होतोच. त्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. नाव अवघड आहे. एकदा मोठ्याने वाचा. का-र्ब-न, मो-नॉ-क्सा-इ-ड. जमलं ना? दवाखान्यात हे नाव सांगता आलं तर डॉक्टरांचं काम लवकर होईल, म्हणून वाचून ठेवायचं.

या वायूला रंग नाही. वास नाही. चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही. त्याने ठसका लागत नाही. चुलीचा धूर परवडला. तो डोळ्यांतून पाणी काढतो, खोकला आणतो, म्हणजे आधी सांगून तरी येतो. हा सांगत नाही. कोणी म्हणेल, ‘जनरेटरचा वास तर आम्हाला येतो की!’ येतो, पण तो पेट्रोलचा आणि तेलाचा वास. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही.

हा वायू करतो काय? आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला प्राणवायू रक्तात जातो. रक्त तो अंगभर पोचवतं. मेंदूला, काळजाला, हातापायांना. आता एसटीची गाडी डोळ्यांपुढे आणा. गाडी स्टँडवर लागली की काही लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. हा वायू तसाच आहे. रक्तात प्राणवायूला बसायची जी जागा, तिथे हा आधी बसतो. आणि बसतो तो लवकर उठत नाही. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट तो रक्ताला धरून राहतो. श्वास तर चालू असतो, पण गाडीत प्राणवायूला जागाच नसते. मेंदू उपाशी राहतो.

म्हणून सुरुवातीला डोकं दुखतं. गरगरतं. मळमळतं, ओकारी येते. अंगातलं बळ जातं. माणसाला वाटतं, दगदग झाली, पित्त झालं, जरा पडावं. आणि तो आडवा होतो. तिथेच घात होतो. जागा माणूस निदान उठून बाहेर तरी येईल. झोपलेला उठत नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि पोटुशी बाई यांना हा वायू आधी बाधतो.

जुन्या बायकांना यातलं थोडं ठाऊक आहे. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि थंडी लागू नये म्हणून दार-खिडकी लावून घ्यायची, अशी चाल होती. अजूनही कुठे कुठे आहे. त्या खोलीत बसलं की डोकं जड होतं. कोणी म्हणायचं दृष्ट लागली, कोणी म्हणायचं बाहेरचं काही आहे. बाहेरचं काही नाही. शेगडीतून निघणारा हाच वायू. आता जनरेटर शेगडीच्या कितीतरी पट जास्त वायू सोडतो. मग विचार करा.

२०२० सालच्या जानेवारीत नेपाळमध्ये दामन नावाच्या थंड हवेच्या ठिकाणी केरळातले ८ प्रवासी मेले. दोन नवरा-बायको आणि चार मुलं. रात्री थंडी फार होती. सगळे एका खोलीत निजले. खोलीत गॅसचा हीटर होता आणि दारं-खिडक्या बंद होत्या. सकाळी कोणी उठलं नाही. मारामारी नाही, आग नाही, आरडाओरडा नाही. जनरेटर तिथे नव्हता हे खरं, पण वायू हाच होता.

म्हणून पहिली गोष्ट. जनरेटर घरात ठेवायचा नाही. स्वयंपाकघरात नाही, माजघरात नाही, माडीवर नाही. ‘पडवीत ठेवला तर?’ असं पुष्कळ जण विचारतात. पडवी एका बाजूने उघडी असते, म्हणून ती बाहेर आहे असं वाटतं. पण वारा फिरला की पडवीतला धूर सरळ घरात येतो. गोठ्यातही नको. गुरांनाही हा वायू मारतो. जिन्याखाली नको, पत्र्याच्या बंद शेडात नको. ‘खिडक्या उघड्या ठेवू, पंखा लावू,’ हेही चालत नाही. यंत्र जितका वायू ओकतं तितका खिडकीतून बाहेर जात नाही.

तो घरापासून निदान २० फूट लांब ठेवायचा. म्हणजे आठ-दहा मोठी पावलं. धुराची नळी, तिला सायलेन्सर म्हणतात, तिचं तोंड घराच्या उलट दिशेला. आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. हे सांगावं लागतं, कारण आमच्या पाहण्यात असं येतं की आपल्या घराला पाठ केली म्हणजे काम झालं, असं लोकांना वाटतं. वाडीतली घरं खेटून असतात. आपल्या घरामागे जे असतं ते शेजाऱ्याचं माजघर असतं. अशा वेळी दोन घरांनी मिळून जागा ठरवावी. भांडण असलं तर ते वादळापुरतं बाजूला ठेवावं.

हा २० फुटांचा हिशेब आमच्या मनाचा नाही. अमेरिकेत वादळानंतर जनरेटर फार वापरतात, आणि तिथे दर वर्षी अनेक माणसं जनरेटरच्या या वायूने मरतात. वादळातून वाचलेली माणसं. तिथल्या सरकारच्या खात्याने लोकांना हे अंतर सांगितलेलं आहे. शिकलेल्या देशात असं होतं, मग आपल्याला सांगितलं तर कमीपणा वाटायला नको.

आता पावसाचा प्रश्न. ‘अंगणात ठेवला तर भिजेल, बिघडेल.’ हा प्रश्न खरा आहे. जनरेटर घरात येतो तो बहुतेक वेळा या एका कारणाने. वादळ म्हणजे पाऊस आलाच, आणि यंत्र महागाचं. भिजलेल्या जनरेटरला हात लावला तर विजेचा झटकाही बसतो. त्याला उपाय असा. अंगणात चार खांब रोवा. वर एक पत्रा टाका, उताराचा. बाजू चारही उघड्या ठेवा. खाली दोन-चार चिरे मांडून त्यावर फळी टाका, म्हणजे खालून पाणी लागणार नाही. झालं जनरेटरचं घर. हे काम वैशाखात उन्हं असतानाच करून ठेवावं. भर वादळात खांब कोण रोवणार? चालू जनरेटरवर प्लास्टिकचा कागद मात्र गुंडाळू नका. यंत्र तापतं, कागद वितळतो, आणि आग लागते.

कोणाला या वायूची बाधा झाली तर काय करायचं? घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं आणि जवळ जनरेटर चालू आहे, तर दुसरं कारण शोधत बसू नका. सगळ्यांनी आधी बाहेर मोकळ्या हवेत या. मग जनरेटर बंद करा. तो कुठे आत असेल तर दारं-खिडक्या बाहेरून उघडा आणि हवा खेळू द्या. वायूच्या खोलीत वीर होऊन घुसू नका. बेशुद्ध माणूस असेल तर १०८ नंबरला फोन करून गाडी मागवा. ही गाडी फुकट येते. डॉक्टरांना सांगा, ‘जनरेटर चालू होता, कार्बन मोनॉक्साइड लागला असेल.’ हे सांगितलं नाही तर डॉक्टरही आधी पित्त नाहीतर मेंदूचा झटका समजतील. दवाखान्यात नळीने प्राणवायू देतात. तो भरपूर दिला म्हणजे रक्तातल्या अडलेल्या जागा हळूहळू मोकळ्या होतात. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं यात वेळ घालवू नका.

इथे थोडं विहिरीविषयी सांगून घेतो. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढतात. पाणी उपसायला तेलाचं इंजिन लावतात. पण इंजिनाचा पंप साधारण २५ फुटांहून खालचं पाणी ओढू शकत नाही. म्हणून लोक इंजिनच विहिरीत उतरवतात, मधल्या कट्ट्यावर ठेवतात आणि सुरू करतात. विहीर म्हणजे वर तोंड असलेली बंद खोलीच. धूर आत साठतो. खालचा माणूस पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. अशाने एकाच घरातल्या तीन-तीन, चार-चार तिरड्या निघतात. इंजिन विहिरीत उतरवायचंच नाही. जनरेटर वर, काठापासून लांब ठेवावा आणि विजेची पाणबुडी मोटार खाली सोडावी. मोटार चालू असताना पाण्यात माणूस नको. खाली कोणी पडलाच तर दोर बांधल्याशिवाय, माहितगार माणसं आल्याशिवाय दुसऱ्याने उतरू नये. आईने टाहो फोडला तरी उतरू नये. हे बोलायला सोपं आहे आणि करायला फार कठीण, हे आम्हाला कळतं.

आता त्या भलत्या माणसाकडे येऊ.

जनरेटर आणला. त्याची वीज घरात न्यायची आहे. कोणी हुशार माणूस एक वायर करतो. तिच्या दोन्ही टोकांना पिना. एक टोक जनरेटरात, दुसरं भिंतीवरच्या प्लगात. सगळं घर लखलखतं. बायका-मुलं खूश. हुशार माणूस मिशीला पीळ देतो.

पण वीज घरापुरती थांबते का? ती मीटरमधून उलटी बाहेर पडते. खांबावर जाते. खांबावरून डीपीवर जाते. डीपीचं रोजचं काम काय? ११,००० व्होल्टची वीज उतरवून घराजोगी २३० व्होल्टची करायची. उलटी वीज गेली की डीपी उलटं काम करते. २३० ची चढवून हजारो व्होल्टची करते. आणि तिकडे दोन शेतं टाकून पलीकडे महावितरणचा वायरमन खांबावर चढलेला असतो. त्याने लाइन बंद केलेली असते. तुमचीच वीज जोडायला तो आलेला असतो. निसर्ग वादळानंतर असे कामगार दुसऱ्या जिल्ह्यांतूनही आले होते. त्याच्या हिशेबाने तारा मेलेल्या. तो तारेला हात घालतो.

कोणी म्हणेल, ‘एवढासा जनरेटर! सगळ्या गावाची ओढ लागली की तो बंदच पडेल.’ पुष्कळदा पडतोही. पण तुमच्या घराजवळच तार तुटलेली असली, तर पुढे ओढ कुठली? मग तेवढ्या तुकड्यात वीज जिवंत राहते. वायरमन नेमका तुटलेल्या तारेपाशीच येतो. दुसरा म्हणेल, ‘मी मेन स्विच पाडतो की.’ तुम्ही पाडता. तुम्ही बाजाराला गेलात आणि धाकट्याने लावला तर? माणसाच्या आठवणीवर दुसऱ्याचा जीव टांगू नये.

आणि त्या दोन पिनांच्या वायरीत आणखी एक खोट आहे. भिंतीतलं टोक निसटून खाली पडलं, तर त्या उघड्या पितळी पिनांत वीज असते. रांगतं मूल तिच्यावर हात टाकतं. अशी वायर घरात असेल तर आज घरी जाऊन तिची एक पिन कापून टाका.

घरात वीज खेळवायचीच असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. ही एक पेटी असते, तिला दांडा असतो. दांडा एकीकडे टाकला तर महावितरणची वीज, दुसरीकडे टाकला तर जनरेटरची, मध्ये ठेवला तर दोन्ही बंद. दोन्ही विजा एकत्र येऊच शकत नाहीत. हा लायसनवाल्या वायरमनकडूनच बसवावा. गावातला हरहुन्नरी पोरगा पंखा दुरुस्त करतो म्हणून हे काम त्याला देऊ नये. खर्च परवडत नसेल तर भिंतीतल्या वायरिंगला हातच लावू नका. चांगल्या जाड वायरीचा एक बोर्ड थेट जनरेटरला जोडा, आणि त्या बोर्डावर दिवा, पंखा, फोन लावा. आमच्या मते गरीब घराला हाच मार्ग बरा.

जनरेटरला अर्थिंग असावं. म्हणजे त्याच्या लोखंडी अंगातून एक तार जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडलेली असावी. वायर कुठे सोललेली, कापडाची पट्टी गुंडाळून जोडलेली नको. गाडीवर जनरेटर चढवून वाजतगाजत जाणाऱ्यांनी तर हे फार पाहावं. २०२२ सालच्या ३१ जुलैच्या रात्री पश्चिम बंगालमध्ये कुचबिहार जिल्ह्यात असेच लोक जल्पेशच्या शंकराला निघाले होते. गाडीत गाणी वाजवायला जनरेटर होता, आणि रात्र पावसाची होती. गाडीत वीज उतरली आणि १० जण गेले. जनरेटरच्या वायरिंगमधून वीज उतरली असावी, असं पोलीस म्हणाले. आपल्याकडेही मिरवणुकीच्या टेंपोत पोरं जनरेटरच्या अंगावर रेलून नाचतात.

पेट्रोलविषयी तुम्हाला बरंच माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. चालू किंवा तापलेल्या जनरेटरात पेट्रोल ओतायचं नाही. बंद करून पंधरा-वीस मिनिटं निवू द्यायचा. नरसाळ्याने ओतायचं, टाकी काठोकाठ भरायची नाही. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि चूल गाठते. म्हणून विडी, कंदील, चिमणी जवळ नको. रात्री ओतायची वेळ आली तर बॅटरीच्या उजेडात ओता. कॅन घरात ठेवू नये. आणि पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधी भरू नका. तहानेलं मूल अंधारात बाटली तोंडाला लावतं. कोणी प्यायलंच तर त्याला ओकायला लावू नका, ते फुफ्फुसात उतरतं. सरळ दवाखाना गाठा.

राहिला यंत्राच्या ताकदीचा हिशेब. एका बैलाच्या गाडीत दोन बैलांचा भार घालत नाही, तसंच हे. समजा जनरेटर ८०० वॉटचा आहे. ९ वॉटचे चार दिवे म्हणजे ३६. एक पंखा ७५. टीव्ही १००. दोन फोन २०. बेरीज करा. २३१ आली ना? मजेत चालेल. आता त्यात १,००० वॉटची इस्त्री लावली की संपलं. वायर तापते, पाघळते, पेट घेते. पाणी तापवायचं हीटर तर नकोच. मोटारीचं निराळं आहे. एक हॉर्सपॉवरची मोटार चालताना सुमारे ७५० वॉटच्या पुढे घेते, पण सुरू होताना क्षणभर तिच्या कितीतरी पट ओढते. म्हणून मोटारीला मोठा जनरेटर लागतो. दुकानदाराला मोटारीच्या पाटीवरचा आकडा वाचून दाखवा. आता तुम्हाला तो वाचता येतो. सुरू करताना आधी जनरेटर लावायचा, तो एका चालीत आला की मग एकेक वस्तू जोडायची. बंद करताना आधी वस्तू काढायच्या.

घरात दोन दिवे आणि एक फोन एवढीच गरज असेल तर जनरेटरच्या भानगडीत पडूच नये, असं आम्हाला वाटतं. उन्हावर चार्ज होणारा दिवा मिळतो. त्याला पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही. पण सगळ्या वाडीचं पाणी चढवायचं तर जनरेटरच हवा.

भाड्याने आणताना घाई करू नका. मालकाकडेच तो सुरू करून पाहा. अंगावरची पाटी वाचा, किती वॉटचा आहे ते बघा. पेट्रोल कुठे गळतं का, टाकीचं झाकण घट्ट बसतं का, अर्थिंगची तार लावायचा स्क्रू जागेवर आहे का, हे बघा. मालकाने जनरेटरबरोबर दोन पिनांची वायर दिली तर ती परत करा. सायलेन्सरला भोक असेल, तो तारेने बांधलेला असेल, तर दुसरा जनरेटर मागा.